सेंद्रिय अंड्यांचं फार्म बघायला जाताना: दाण्याच्या खोलीपासून ट्रेपर्यंत

तुमचा प्रश्न असा आहे: निपाणीजवळच्या तुमच्या महिला संघातल्या काही जणींना खानापूर भागातल्या एका कुटुंबाच्या फार्मवर जाऊन सेंद्रिय अंड्यांवर काय काय प्रक्रिया होते ते बघायचं आहे. तिथे काय बघावं, काय विचारावं, मुलांना सोबत न्यावं का, अंडी धुतात की नाही, आणि पुढे आपणही कोंबड्या पाळल्या तर ती अंडी 'सेंद्रिय' म्हणून विकता येतील का, हे तुम्ही विचारलंत. मी खानापूर तालुक्यात बरीच वर्षं अंड्यांच्या कोंबड्या पाळते. आमच्याकडेही असे गट येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

प्रक्रिया म्हटलं की यंत्रं, पट्टे, चकचकीत खोली असं काहीतरी मनात येतं. कुटुंबाच्या फार्मवर तसलं काही दिसणार नाही, आणि ते नसणं ही कमतरता नव्हे. अंडी गोळा करणं, कोरडी पुसणं, उजेडासमोर धरून तपासणं, वजनाप्रमाणे वेगळी करणं आणि ट्रेत भरणं, एवढीच ती प्रक्रिया. ती एवढ्यावर भागावी म्हणून मागे जे काम चालतं, ते बघायला तुम्ही जायचं आहे. अंडं स्वच्छ, कोरड्या घरट्यात पडलं तर त्याला नंतर फारसं काही करावं लागत नाही. घाणीत पडलेल्या अंड्याला कितीही पुसा-धुवा, त्याचा भरवसा पहिल्यासारखा राहत नाही. म्हणून पॅकिंगच्या खोलीपासून सुरुवात करू नका. यजमानांना सांगा, आधी दाण्याची खोली दाखवा, मग शेड, मग घरटी, आणि शेवटी ट्रे.

वेळ सकाळची घ्या. बहुतेक कोंबड्या उजाडल्यापासून दुपारच्या आत अंडी घालतात, त्यामुळे अकरानंतर पोचलात तर भरलेले ट्रे तेवढे दिसतील. निपाणीहून बेळगाव आणि तिथून खानापूर म्हणजे दोन तास तरी धरा, आणि त्या हिशेबाने पहाटेच निघा. कोणत्या महिन्यात जावं असं मला कुणी विचारलं तर मी पावसाळाच सांगते. डिसेंबरात कुणाचंही शेड कोरडं आणि नीटनेटकं दिसतं. आमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसाची झड लागली की शेडच्या जमिनीवर पसरलेली भाताच्या तुसाची गादी ओली होते, शेडमध्ये अमोनियाचा वास साठतो, रक्ती हगवण डोकं वर काढते आणि चिखलाच्या पायांनी कोंबड्या घरट्यात शिरतात. त्या दिवसांत ज्यांच्या ट्रेमधली अंडी स्वच्छ दिसतात, त्यांच्याकडून शिकण्यासारखं नक्की काहीतरी असतं.

जाण्याआधीची एक गोष्ट मात्र अगदी कडकपणे पाळा. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गावठी कोंबड्या आहेत, त्यांनी अंगावरचे कपडे आणि चपला त्या कोंबड्यांजवळ गेलेल्या नसतील याची काळजी घ्यावी, आणि भेटीआधी निदान दोन दिवस दुसऱ्या कुठल्याही खुराड्यात जाऊ नये. मानमोडीचे, म्हणजे राणीखेत रोगाचे विषाणू चपलेच्या तळाला लागून सहज प्रवास करतात, आणि लस न टोचलेल्या कळपात शिरले तर काही दिवसांत खुराडं रिकामं करतात. बर्ड फ्लूचंही तेच. भारतात तो पहिल्यांदा २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला, आणि तिथली लाखो पक्ष्यांची फार्मं मोकळी करावी लागली. यजमानांनी शेडच्या दाराशी चुन्याची किंवा जंतुनाशकाची पायधुणी ठेवली असेल, वेगळ्या चपला दिल्या असतील, तर त्याचा राग मानू नका. उलट कुणी काही न विचारता तुम्हाला सरळ शेडमध्ये सोडलं, तर मी त्या फार्मबद्दल जरा साशंक होईन.

मुलांना जरूर न्या, पण शेडमध्ये एका वेळी चार-पाच जणच जावेत आणि कुणी पळापळ करू नये. घाबरलेल्या कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात, खालच्या गुदमरतात. अंडं घालायच्या बेतात असलेली कोंबडी दचकली तर अंडं अडवून धरते, आणि मग त्याच्या कवचावर पांढरट पट्टा किंवा सुरकुती उमटते. कोंबडी किंवा अंडं हातात घेतल्यावर मुलांचे हात साबणाने धुऊन घ्या. पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जंतू निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेतही असू शकतो.

आता दाण्याची खोली. सेंद्रिय अंड्याची निम्म्याहून जास्त गोष्ट इथेच ठरते, आणि खर्चाचा मोठा वाटाही इथलाच. पोत्यांत काय आहे ते हाताने उचलून बघा. आपल्या बेळगाव जिल्ह्यात दाणा घरचा करणं अवघड नाही: गोकाक-सौंदत्तीकडचा मका, अथणीकडची ज्वारी, निपाणी-चिकोडी-बैलहोंगलचं सोयाबीन, इकडची भाताची कणी आणि कोंडा. प्रश्न येतो तो प्रथिनांचा. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाण्यात साधारण सोळा-सतरा टक्के प्रथिनं लागतात, आणि ती मुख्यतः सोयाबीनमधून येतात. बाजारात मिळणारी सोया पेंड बहुतेक हेक्झेन नावाच्या द्रावकाने तेल काढून उरलेली असते, ती सेंद्रियमध्ये चालत नाही. घाण्यावरची, दाबून तेल काढलेली पेंड लागते, किंवा अख्खं सोयाबीन भाजून. कच्चं सोयाबीन भरडून घालणारे लोक मी पाहिले आहेत. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. तो उष्णतेने जातो, म्हणून भाजणं किंवा वाफवणं सोडता येत नाही. 'सोयाबीन कुठलं, कुणाच्या शेतातलं, आणि भाजता कसं?' हा प्रश्न अवश्य विचारा.

सरकीची पेंड दिसली तर थांबा. आपल्याकडचा कापूस जवळजवळ सगळा बीटी आहे, आणि जनुक बदललेल्या पिकाचं खाद्य सेंद्रियमध्ये बसत नाही. शिवाय सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या घटकामुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडू शकतो. गिऱ्हाईक असं अंडं फोडतं, तेव्हा दोष सेंद्रिय या शब्दाला लागतो.

त्याच खोलीत दुसरं काय ठेवलं आहे ते तर आवर्जून बघा. आपल्या चिकोडी-रायबाग-निपाणी पट्ट्यात ऊस आहे, आणि उसाला हुमणी-वाळवीसाठी फिप्रोनिल या कीटकनाशकाचे दाणे टाकले जातात. हेच फिप्रोनिल २०१७ मध्ये युरोपात कोंबड्यांच्या अंगावरच्या माइट नावाच्या बारीक किडीवरच्या औषधात बेकायदेशीर मिसळलं गेलं, आणि नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीत लाखोंनी अंडी परत मागवावी लागली. कोंबडीच्या चरबीत ते साठतं आणि तिथून बलकात उतरतं. त्यामुळे कीटकनाशकाचं पोतं आणि कोंबडीचा दाणा एका छताखाली असेल, किंवा कोंबड्या चरायला सोडतात त्या जागेला लागून फवारणीचा ऊस असेल आणि मध्ये पट्टा सोडलेला नसेल, तर भिंतीवर कितीही सर्टिफिकेटं लावलेली असोत, माझं मन मानत नाही. उवा-पिसवांसाठी घरट्यात तंबाखूची भुकटी टाकायचा विचार तुमच्या भागात कुणाच्याही मनात सहज येईल, कारण ती हाताशी असते. ती टाकू नका, निकोटीन विषारी आहे. राख आणि कोरडी माती मिसळून कोंबड्यांना लोळायला खड्डा केला की बऱ्याच उवा त्या स्वतःच झाडतात.

दाण्याशेजारी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात दिसला पाहिजे. एका अंड्याच्या कवचासाठी कोंबडीला रोज साधारण चार ग्रॅम कॅल्शियम खावं लागतं. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा असतो, म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी घालणं फायद्याचं. अथणी-रायबागकडे एप्रिल-मेमध्ये कवचं पातळ होतात, त्याचं कारण निव्वळ खाद्य नव्हे. उन्हाने कोंबडी धापा टाकते, श्वासातून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, आणि रक्तातला जो घटक कवच बांधायला लागतो तो कमी पडतो. अशा वेळी चुना-शिंपले वाढवून फारसं होत नाही. सावली, वारा, गार पाणी आणि पहाटेचा दाणा, यांनी फरक पडतो. बेळगाव-खानापूरची हवा त्या मानाने थंड. तुम्ही निपाणीला सुरू केलंत तर हे आधीपासून ध्यानात ठेवा.

शेडमध्ये शिरल्यावर पहिलं काम वासाचं. दारात उभ्या राहिल्यावर डोळे चुरचुरले तर गादी ओली आहे. मूठभर तूस उचलून दाबा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त, दाबून सोडल्यावर सुटं झालं तर ठीक. मग पक्षी बघा. चोची कापलेल्या नसाव्यात, पिंजरे नसावेत, बसायला दांड्या असाव्यात आणि बाहेर पडायचं दार खरोखर वापरातलं असावं. नुसतं दार असून उपयोग नाही, दारापुढची माती उकरलेली दिसली पाहिजे. रात्री दिवे किती वेळ चालू असतात हेही विचारा. अंडी वाढवण्यासाठी दिवसाचा उजेड धरून सोळा तासांपर्यंत उजेड देतात, पण आठ तास सलग अंधार कोंबडीला मिळालाच पाहिजे.

जात कोणती हेही विचारा, कारण भावाचं गणित त्यावर आहे. आपल्याकडे गिरिराजा आणि स्वर्णधारा या बेंगळुरूला हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेल्या जाती बऱ्याच दिसतात, शिवाय हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा आणि ग्रामप्रिया. अस्सल गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, गिरिराजा दीडशेच्या आसपास, स्वर्णधारा चांगल्या देखभालीत पावणेदोनशे किंवा थोडी जास्त. पिंजऱ्यातली व्यापारी जात तीनशेच्या वर जाते. खाणं मात्र प्रत्येकीचं दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या घरात. म्हणजे पिंजऱ्यातल्या एका अंड्यामागे साधारण १३० ग्रॅम दाणा पडतो, तर स्वर्णधारेच्या अंड्यामागे सव्वादोनशे. त्यात दाणा सेंद्रिय, म्हणजे महाग. अंड्याचा भाव दुप्पट का, याचं उत्तर एवढं सरळ आहे. कुणी फार्मवाला सेंद्रिय अंडं बाजारभावापेक्षा रुपया-दीड रुपया जास्त घेऊन विकत असेल, तर दाणा कुठून येतो हे मी दोनदा विचारीन.

आता घरटी. चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी असावी, जरा अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीपासून वर, आणि आत कोरडा भातपेंढा किंवा तूस. पेटीत विष्ठा दिसली तर कोंबड्या रात्री तिथेच झोपतात असं समजा. संध्याकाळी पेट्या बंद करायच्या, दांड्या पेट्यांपेक्षा उंच बांधायच्या, हा त्यावरचा उपाय. नव्या तलंगांना, म्हणजे पहिल्यांदाच अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्यांना, पेटीची सवय लावायला त्यात लाकडाचं खोटं अंडं ठेवतात, तेही कदाचित दिसेल. खुडूक बसलेली कोंबडी पेटी अडवून बसली असेल तर तिला वेगळी काढलेली असावी.

कोरड्या घरट्यावर मी इतका जोर का देते, ते सांगते. कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे अंडं बाहेर पडतं तेव्हा ते तेवढं गरम आणि वरून ओलसर असतं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांवर एक पातळ पारदर्शक लेप असतो, तो मिनिटा-दोन मिनिटांत वाळतो आणि छिद्रं झाकतो. अंडं गार होताना आतला ऐवज आकसतो आणि बाहेरची हवा छिद्रांतून आत ओढली जाते. रुंद टोकाला हवेची पोकळी तयार होते ती यातूनच. आता त्याच वेळी अंडं ओल्या विष्ठेत पडलेलं असेल, तर हवेबरोबर तिथलं पाणी आणि जंतूही आत ओढले जातात. नंतर तुम्ही कवच कितीही चकचकीत करा, आत गेलेलं आतच राहतं. अंड्याच्या स्वच्छतेचा निकाल अशा रीतीने पहिल्या काही मिनिटांत, कुणाचा हात लागण्याआधीच लागलेला असतो. जमिनीवर पडलेली अंडी चांगलं फार्म ट्रेमध्ये मिसळत नाही, ती वेगळी ठेवतं. यजमानांना विचारा, 'खाली पडलेल्या अंड्यांचं काय करता?' उत्तर द्यायला ते अडखळले तर तुम्हाला बरंच काही कळलं.

धुण्याबद्दल. अमेरिकेत दुकानात येणारी अंडी धुतात आणि थंड ठेवतात. युरोपीय संघात पहिल्या दर्जाची अंडी धुवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. दोन्ही पद्धतींत तर्क आहे. धुतलं की तो लेप जातो, मग अंडं फ्रिजमध्ये ठेवणं भागच. न धुता ठेवायचं तर लेप शाबूत आणि कवच मुळात स्वच्छ हवं. आपल्याकडे अंडं दुकानात, टेम्पोत, घरात बहुतेक वेळ उघड्यावरच असतं, म्हणून कुटुंबाच्या फार्मने धुऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. किरकोळ डाग कोरड्या खरखरीत कापडाने किंवा बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढावा. जोरात घासलं तर लेपही निघतो. फारच माखलेलं अंडं विकायला न काढता त्याच दिवशी घरात पूर्ण शिजवून खावं.

धुण्याशिवाय इलाजच नसेल तर गार पाणी कधीही वापरू नये. गार पाण्यात गरम अंडं घातलं की आतलं पुन्हा आकसतं आणि मळकं पाणी छिद्रांतून आत खेचलं जातं. पाणी अंड्यापेक्षा निदान ११ अंश जास्त गरम हवं, आणि ३२ अंशांच्या खाली नकोच. बादलीत भिजत टाकायचं नाही, वाहत्या पाण्याखाली धुवायचं, लगेच कोरडं करायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि आधी संपवायचं. फार्मवर बादलीभर गार पाण्यात बुचकळलेली अंडी दिसली, तर ती विकत घेऊ नका.

मग अंधाऱ्या खोलीतलं काम येतं, आणि मुलांना सगळ्यात जास्त हेच आवडतं. अंडं रुंद टोकाकडून उजेडावर धरून हळू फिरवतात. डबीला भोक पाडून आत बल्ब लावलेला असतो, नाहीतर मोबाइलचा टॉर्चही चालतो. केसासारखी भेग लख्ख दिसते, हवेची पोकळी दिसते. ती तीन मिलिमीटरच्या आत असली तर अंडं अगदी ताजं. दिवस जातात तसं पाणी उडतं आणि पोकळी वाढते. बलकावर कधी रक्ताचा ठिपका दिसतो, तो बलक सुटताना फुटलेल्या बारीक रक्तवाहिनीचा असतो. खायला धोका नाही, पण गिऱ्हाईक बिचकतं म्हणून ते अंडं बाजूला काढतात. तपकिरी कवचातून हे नीट दिसत नाही, उजेड जास्त लागतो. कळपात कोंबडा आहे का तेही विचारा. असला तर अंडी फळलेली असतात. खायला काहीच हरकत नाही, पण उन्हाळ्यात दिवसेंदिवस उकाड्यात पडून राहिली तर आत गर्भ वाढू लागतो आणि दिव्यावर लालसर शिरा दिसतात. ज्यांना पिल्लं काढायची नाहीत त्यांनी कोंबडा वेगळा ठेवलेला बरा.

यजमानांना विनंती करून एक आजचं आणि एक आठवड्याचं अंडं पसरट ताटलीत फोडून घ्या. ताज्या अंड्याचा पांढरा भाग बलकाभोवती उंच, घट्ट उभा राहतो. जुन्याचा पाण्यासारखा पसरतो. या उंचीवरून आणि अंड्याच्या वजनावरून दर्जा मोजायची रीत रेमंड हॉ यांनी १९३७ मध्ये मांडली, आणि जगभर आजही ती वापरतात. ताज्याचा पांढरा भाग किंचित धुरकट दिसेल. तो विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आहे, खराबी नव्हे. अगदी ताजं अंडं उकडल्यावर कवच सोलताना त्रास देतं, तेही यामुळेच.

वजनाने वेगळं करणं साध्या काट्यावर होतं. ॲगमार्क या सरकारी प्रतवारीत ६० ग्रॅम आणि वरचं अंडं सर्वांत मोठं, ५३ ते ५९ मोठं, ४५ ते ५२ मध्यम, ३८ ते ४४ लहान. तलंगांची पहिली अंडी लहान असतात आणि त्यांची कवचं मात्र छान मजबूत. म्हाताऱ्या कोंबडीचं अंडं मोठं, कवच पातळ. ट्रेत भरताना निमुळतं टोक खाली हवं, म्हणजे हवेची पोकळी वर राहते. तीस अंड्यांचा एक ट्रे, सात ट्रेंची २१० अंड्यांची पेटी. बाजारातून फिरून आलेले कागदी ट्रे पुन्हा वापरात दिसले तर ती मोठी चूक समजा, कारण दुसऱ्या फार्मची घाण त्यांतूनच येते. आमच्याकडची बरीच अंडी चोर्ला घाटातून गोव्याला जातात. त्या वळणांवर बारीक भेगेचं अंडं फुटतं आणि खालचे दोन ट्रे भिजवतं, म्हणून दिव्यावरची तपासणी घाईत उरकून चालत नाही.

निघण्याआधी वही मागा. माझ्या मते भेटीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच. रोज किती अंडी, किती फुटकी, किती मेल्या, दाण्याचं पोतं कुणाकडून कधी आलं, कोणती लस कधी टोचली, कुणाला औषध दिलं आणि त्या दिवसांतल्या अंड्यांचं काय केलं. वही कन्नडमध्ये असेल तर वाचून दाखवायला सांगा, कुणीही आनंदाने दाखवतं. लसीची नोंद बघून दचकू नका, मानमोडी आणि कोंबड्यांच्या देवीच्या लसी सेंद्रियमध्ये चालतात, आणि त्या टोचल्याच पाहिजेत. आजारी पक्ष्याला औषध न देता तडफडत ठेवणं म्हणजे सेंद्रिय असा गैरसमज काहींचा आहे, तो मला मुळीच पटत नाही. औषध द्यायचं, तो पक्षी वेगळा ठेवायचा, आणि औषधाची नेमलेली मुदत असते त्याच्या दुप्पट दिवस त्याची अंडी विकायची नाहीत. न आजारलेल्या सगळ्या कळपाला पाण्यातून प्रतिजैविक पाजत राहणं, हे मात्र चालणार नाही. वहीतल्या अंड्यांच्या आकड्याची कोंबड्यांच्या संख्येशी सांगड घालून बघा. शंभर स्वर्णधारा रोज नव्वद अंडी वर्षभर देत नाहीत. आकडा तसा असेल तर बाहेरची अंडी ट्रेत येत आहेत.

कवच तपकिरी म्हणजे गावठी, बलक गडद म्हणजे सेंद्रिय, असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेलच. कवचाचा रंग जातीवर ठरतो. बलकाचा रंग पिवळा मका, हिरवा पाला, घोळ-राजगिरा, झेंडूच्या पाकळ्या यांतल्या रंगद्रव्याने येतो, आणि तसलं रंगद्रव्य पुडीतही मिळतं. प्रथिनं कुठल्याही मध्यम अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपासच. सेंद्रियचा पैसा कोंबडी कशी जगली आणि तिच्या पोटात काय गेलं नाही, याचा आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न, विकण्याचा. 'सेंद्रिय' हा शब्द छापून, सेंद्रियचं सरकारी चिन्ह लावून दुकानात ठेवायचं असेल तर प्रमाणपत्र लागतं. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्याचे दोन रस्ते आहेत: २००१ पासून चालू असलेला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात बाहेरची संस्था येऊन तपासते, किंवा पीजीएस-इंडिया, ज्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची तपासणी करतो. तुमच्यासारख्या संघाला दुसरा रस्ता परवडेल. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असलेल्या छोट्या उत्पादकाने थेट खाणाऱ्याला विकलं तर प्रमाणपत्रातून सूट आहे, पण तेव्हा चिन्ह लावता येत नाही. निपाणीच्या बाजारात ओळखीच्या घरांना विकायला एवढं पुरेसं आहे, वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रशिक्षणासाठी बैलहोंगल तालुक्यातलं मत्तीकोपचं किंवा गोकाककडचं तुक्कानट्टीचं कृषी विज्ञान केंद्र जवळ पडेल. पहिल्या वर्षी प्रत्येक घरी पंचवीस तलंगांच्या पुढे जाऊ नका, आणि पिल्लं आणण्याआधी सोयाबीन भाजायची सोय आणि भाताच्या तुसाचा कोरडा साठा, हे दोन्ही करून ठेवा. मेअखेरीस तूस स्वस्त आणि कोरडं मिळतं, जुलैत तेच पोतं ओलं आणि महाग.